शेवटच्या बिलाची तारीख

खाडा म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं, तो माणूस आयुष्यात कधी मेसला जेवलेला नाही असं खुशाल समजावं. तरी सांगते. आमच्याकडे महिन्याचे पैसे आगाऊ घेतात, आणि महिना म्हणजे साठ ताटं. तीस दुपारची, तीस संध्याकाळची. एखाद्या वेळी यायचं नसेल तर दुपारचं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळचं चारच्या आत सांगायचं. हा झाला खाडा. ते ताट बुडत नाही, पुढे सरकतं आणि त्याच्याबरोबर तुमचा महिनाही अर्ध्या दिवसानं पुढे सरकतो. न सांगता दांडी मारली तर मात्र ताट बुडालं. मग तुम्ही कलेक्टर असा नाहीतर कलेक्टरचे सासरे, पोतदार भोजनालयात त्याला माफी नाही.

पोतदार भोजनालय म्हणजे मी. वैजयंती पोतदार, वय सत्तावन्न, मुक्काम सांगली, विश्रामबाग. नवरा गेला तेव्हा पस्तीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. भाकरी उत्तम जमायची आणि गप्प बसणं अजिबात जमायचं नाही, एवढ्याच भांडवलावर मेस काढली. आता दोन हजार छत्तीस साली लोकांच्या गॅलरीत ड्रोननं डबे उतरतात. समोरच्या अपार्टमेंटमध्ये एक डबा तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर उतरला आणि संकष्टीचा उपास धरलेल्या बाईंनी अंडाकरी उघडली, त्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत. म्हणून असेल, पण माझ्याकडे अजून ब्याऐंशी मेंबर टेबलाशी बसून गरम जेवतात.

ब्याऐंशी मेंबर म्हणजे ब्याऐंशी महिने. कुणाचा महिना तीन तारखेला सुरू, कुणाचा एकोणीसला आणि खाड्यांमुळे तीही तारीख रोज सरकणारी. वहीत लिहून लिहून माझ्या नाकी नऊ यायचे. "काकू, माझे चार खाडे धरलेच नाहीत," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे.

यावर उपाय काढला माझ्या भाचीनं. सानिका पुण्याला एका संशोधन संस्थेत असते. तिचा विषय ताल. गाण्यातला नव्हे, काजवे एकदम लुकलुकतात तो, हृदयाच्या पेशी एकदम धडधडतात तो. जानेवारीत ती चार दिवस राहायला आली, माझी वही बघून खो खो हसली आणि जाताना माझ्या फोनवर एक प्रोग्रॅम टाकून गेली. त्याचं नाव 'ठोका'. मेंबरनं फोनवर खाडा सांगितला की ठोका त्याच्या बिलाची तारीख स्वतः पुढे सरकवायचा आणि ती दोघांच्याही कॅलेंडरात टाकायचा, माझ्या आणि त्याच्या. शिवाय बिलाच्या चार दिवस आधी दोघांचेही फोन वाजायचे.

"यात तुझं संशोधन काय गं?" मी विचारलं. "हे तर कुणी कारकूनही करील."

"चार दिवस आधी आठवण द्यायची तर तारीख चार दिवस आधी माहीत हवी की नको? पण त्या चार दिवसांत माणूस किती खाडे करणार त्यावर ती तारीख ठरणार. म्हणजे ठोक्याला पुढचे खाडे आधीच ओळखता यायला हवेत."

"ते कसे ओळखणार? देव आहे का तो?"

मग तिनं मला घड्याळांची गोष्ट सांगितली. एकाच फळीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली, तर सुरुवातीला दोघांचे लंबक आपापल्या मनासारखे हलतात. काही वेळानं बघावं तर दोघांचा ताल जुळलेला असतो. कुणी जुळवलेला नसतो. प्रत्येक लंबक फळीला डोळ्यांना न दिसणारा हिसका देतो, फळी तो हिसका दुसऱ्यापर्यंत पोचवते आणि दोघं एकमेकांना थोडं थोडं ओढत राहतात. माणसांचंही असंच असतं म्हणे. एकाच जागी जेवणारी माणसं नकळत एकमेकांच्या तारखा ओढतात. एकाला परीक्षा आली की त्याच्या टेबलावरच्या तिघांचे खाडे बदलतात. माणूस कोण, कुठला, याच्याशी ठोक्याला देणंघेणं नाही, तो फक्त हे हिसके वाचतो. आणि सांगलीपासून नांदेडपर्यंत साडेतीन हजार मेस, दूधवाले नि इस्त्रीवाले ठोका वापरतात. त्या सगळ्यांच्या तारखा, नावं काढून टाकून, एका जागी जमतात आणि त्यातून तो शिकत जातो.

"म्हणजे तुझी मेस ही फळी," सानिका म्हणाली, "आणि मेंबर म्हणजे लंबक."

"आन म्या काय, खिळा?" आतून हौसाबाईनं विचारलं. हौसाबाई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून भाकऱ्या थापते आणि तिचा कान कायम बाहेरच्या खोलीत असतो.

दोन महिन्यांत मी ठोक्याच्या प्रेमात पडले. उद्या संध्याकाळी सव्वीस खाडे पडणार असं तो सांगायचा आणि खरंच पंचवीस नाहीतर सत्तावीस पडायचे. उरलेली भाजी टाकायला लागेना. मार्चमध्ये त्यानं नवीन प्रकार दाखवला. कुलदीप नावाच्या इंजिनिअरिंगच्या मुलापुढे 'शेवटचं बिल' असं लिहून तारीख आली. मी म्हटलं, हा कुठला जातोय! तीन आठवड्यांत त्याला चाकणला नोकरी लागली आणि तो पेढे घेऊन आला. मग एका नर्सबाईंचं शेवटचं बिल आलं, त्यांचं लग्न ठरलं. तिसरं आलं जोगळेकर आजोबांचं. ते तारखेच्या सहा दिवस आधी झोपेत गेले. ब्याण्णव वर्षांचे होते, सोनं झालं त्यांचं, पण त्या दिवसापासून मला 'शेवटचं बिल' या शब्दांची धास्ती बसली.

नऊ जूनला सकाळी मी कॅलेंडर उघडलं. गजानन आवटी. शेवटचं बिल. एकोणीस ऑगस्ट.

आवटी सर मिरजेच्या आयटीआयमध्ये फिटरचे मास्तर होते. अठरा वर्षांपूर्वी ते "चार दिवस बघतो" म्हणून आले आणि चार दिवस अजून संपायचे आहेत. लग्न राहून गेलेलं. आई अंथरुणाला, धाकट्या भावांची शिक्षणं, मग कुठलं लग्न! आई गेली, भाऊ पुण्याला गेले, आणि सर इथं दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिले. निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली. खिडकीशेजारच्या टेबलावर बसायचं, पानात काही टाकायचं नाही आणि उठताना "आमटी फर्मास झाली होती बाई" एवढं म्हणायचं. माझा मिक्सर, माझे पंखे, माझ्या गॅसची शेगडी यांना अठरा वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मोबाईल त्यांच्याकडे होता, पण गळ्यातल्या ताइतासारखा; आहे म्हणून आहे, खाडा सांगण्यापुरता उघडायचा, एरवी कोण बघतंय. त्यामुळे ती तारीख त्यांना दिसली नसणार याची मला खात्री होती.

मी सानिकाला फोन लावला. "नोकरी लागायचं त्यांचं वय नाही. लग्नाचंही नाही. मग राहिलं काय?"

"मावशी, ठोक्याला कारण माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं की अमुक तारखेनंतर या माणसाचं बिल येत नाही."

"का येत नाही?"

"ते शोधावं लागेल. कशावरून त्यानं हा निष्कर्ष काढला ते बाहेर काढायला वेळ लागतो. बघते मी, पण तू उगाच घाबरू नकोस."

मन चिंती ते वैरी न चिंती. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडण्याला कारण राहील. हौसाबाईनं पाहिलं, पण ती काही बोलली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवसापासून मी सरांच्या पानातलं मीठ निम्म्यावर आणलं. तेल काढलं. त्यांच्यापुरती वेगळी दुधीची भाजी, वेगळी मुगाची आमटी. सरांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जेवले. उठताना "फर्मास" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही फार दमता हो. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तुमचं सांगा."

"माझं उत्तम," असं म्हणून ते गेले. आणि त्या दिवशी दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला. गजानन आवटी, संध्याकाळचा खाडा.

सरांचा खाडा म्हणजे वर्षातून दोनदा. दिवाळीला भावाकडे आणि मे महिन्यात कुणाचं तरी लग्न. पण आता रोज साडेतीनला खाडा यायला लागला. दुपारी जेवायचे, संध्याकाळी नाही. पंधरा दिवसांत त्यांची कॉलर सैल झाली.

"वाळल्यात ओ मास्तर," हौसाबाई म्हणाली. "पार चिपाड झाल्यात. अन्न तुटलं म्हंजी काय खरं न्हाई बगा."

"तू भाकरी थाप," मी तिच्यावर खेकसले.

एक गोष्ट मात्र मला गोंधळात पाडत होती. शेवटच्या बिलाची तारीख सरकत होती. एकोणीस ऑगस्टची वीस झाली, बावीस झाली, जून संपताना एकोणतीस. ताटं पुढे जात होती ना, म्हणून. मी रोज सकाळी आंघोळीच्या आधी कॅलेंडर उघडायचे, अर्धा दिवस वाढलेला दिसला की हायसं वाटायचं आणि दुपारी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला की तेही विरून जायचं. तारखेला हसावं की माणसाला रडावं हेच कळत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, रक्त तपासून घ्यायचंच. पण सरांना सरळ सांगितलं असतं तर ते काही आले नसते. म्हणून मी म्हटलं, "सर, मला तपासणीला जायचंय. एकटीला भीती वाटते, येता का सोबत?"

सरांचा चेहरा असा उजळला, की मला रागच आला. "चला की! आत्ताच चला," म्हणाले. "मी तुम्हाला तेच सुचवणार होतो."

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या दोघांचंही बुकिंग आहे. आवटींचं पोतदार मॅडमनी केलंय आणि पोतदार मॅडमचं आवटींनी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"एकावर एक फुकट अशी योजना होती," मी म्हटलं.

"मलाही तीच दिसली," सर म्हणाले. आणि दोघंही बाह्या वर करून आपापल्या खुर्चीत बसलो.

रिपोर्ट संध्याकाळी आले. दोघांचंही सगळं जागच्या जागी. साखर नाही, चरबी नाही, काही नाही. दुसऱ्या कुणी नारळ फोडला असता. पण जोगळेकर आजोबांचाही रिपोर्ट चांगलाच होता, हे मला विसरता येईना. आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा खाडा आलाच.

बारा जुलैला माझा धीर सुटला. सगळ्यांची दुपारची जेवणं उरकली. सर त्या दिवशी दुपारीही आले नव्हते. पहिल्यांदाच त्यांनी दोन्ही वेळचा खाडा सांगितला होता. मी डब्यात भरली वांगी घेतली, दोन भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा, आणि मीठ व्यवस्थित. जायचंच असेल तर माणसानं चवीचं जेवून जावं, दुधी खाऊन नव्हे, असं माझ्या मनात आलं होतं. त्यांच्या खोलीशी गेले, कडी वाजवली आणि उघडायची वाट न बघता दार ढकललं.

सर खाटेवर बसून केळं खात होते. खाली चार सालं. टेबलावर ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, एकावर एक रचलेले. आणि भिंतीवर एक मोठा कागद. त्यावर फिटरच्या मास्तरांना शोभेल असा, पट्टीनं आखलेला तक्ता होता. ताटं, खाडे, तारीख. पहिल्या ओळीत एकोणीस ऑगस्ट, शेवटच्या ओळीत त्या दिवसापर्यंत सरकलेली तारीख, आणि पुढे पेन्सिलीनं दिवाळीपर्यंतची गणितं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सर उभे राहिले. चोरी पकडल्यावर पोरं उभी राहतात तसे. "बाई, तुम्ही एक वेळच जेवलात, म्हणजे... मी एकच वेळ जेवलो, तर साठ ताटांचा महिना साठ दिवसांचा होतो. तारीख निम्म्या वेगानं जवळ येते. दोन्ही वेळ जेवलो नाही तर येतच नाही. पण दोन्ही वेळ नुसत्या केळ्यांवर निघत नाही हे आज लक्षात आलं."

"तुम्हाला ती तारीख माहीत होती?"

"नऊ जूनला ती तारीख कॅलेंडरात पडली तसा फोन वाजला. एरवी मी फोन उघडत नाही, पण वाजला तर बघतो ना. 'पोतदार भोजनालय, शेवटचं बिल.' मला वाटलं, तुम्ही मेस बंद करताय. मग वाटलं, उगाच कशाला बंद करतील, काहीतरी दुखणं असणार, कुणाला सांगत नसणार. त्यात तुम्ही एकदम आजाऱ्याचा स्वयंपाक करायला लागलात. मी म्हटलं, यांना डॉक्टरनं पथ्य सांगितलंय आणि आपल्यालाही त्यातलंच वाढतायत." ते खाली बघत म्हणाले, "संध्याकाळचं एक ताट कमी झालं तर तुम्हालाही तेवढाच आराम, आणि मेसही तेवढीच लांबेल."

मी खाटेवर बसले. "अहो, ती तारीख माझी नव्हती. तुमची होती! तुमचं शेवटचं बिल!"

सरांनी केळं हातात धरून विचार केला. "म्हणजे मी जाणार होतो?"

"होय!"

"म्हणून तो दुधी?"

"होय!"

आणि मला हसू फुटलं. आधी हसू, मग रडू, मग दोन्ही. एका महिन्यात या माणसानं मला वाचवायला उपास काढले होते, आणि त्या उपासांनीच मला घाबरवून अर्धमेलं केलं होतं. सरही हसायला लागले. मी डबा उघडून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "जेवा आधी." वांग्याचा पहिला घास घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

तेवढ्यात सानिकाचा फोन आला. मी स्पीकर लावला, कारण हात भरले होते.

"मावशी, मिळालं कारण!" ती ओरडतच होती. "काय भारी आहे माहितीय? लंबकांचा ताल आम्ही बघत होतो, फळीचा बघतच नव्हतो. फळी स्थिर असते असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण मेसलाही खाडे असतात! तू मेस बंद ठेवतेस ते दिवस. तुझ्या जुन्या वह्या मी स्कॅन करून घातल्या होत्या ना? अठरा वर्षांत सणवार सोडून मेस त्रेसष्ट दिवस बंद होती. आणि त्यातले सत्तावन्न दिवस आवटी सर गावाला गेलेले आहेत."

मी म्हटलं, "टाकी धुवायची असते. गॅसची नळी बदलायची असते."

"नेमकी सर गावाला गेल्यावरच?"

खरं म्हणजे, मलाच ते माहीत नव्हतं. सर नसले की सकाळी उठल्यावर कंटाळा यायचा, टाकी घाण दिसायला लागायची, हौसाबाईला म्हणायचे, आज ठेवू या बंद. यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

"अशा जोड्या ठोक्याला राज्यात एकशे सहा सापडल्या," सानिका पुढे सांगत होती. "फळीच एका लंबकाकडे झुकलेली. त्यातल्या अठ्ठ्याण्णव ठिकाणी पुढे त्या गिऱ्हाइकाचं बिल बंद झालं. पण गंमत बघ, रोज वाढलेली ताटं मोजली तर तेवढीच. एकही कमी नाही."

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं. मास्तर माणूस, न समजलेलं सोडून देत नाही.

तिकडून सानिका हळूच म्हणाली, "सर, तुम्ही आहात तिथं? म्हणजे... माणूस तिथंच जेवतोय. फक्त त्याला बिल लावत नाहीत." आणि तिनं फोन ठेवून दिला.

सरांच्या हातातला घास हातातच राहिला. मी उठले. "डबा संध्याकाळी आणून द्या," म्हणाले आणि चपला उलट्यासुलट्या घालून घरी आले.

मला आधी राग आला तो त्या यंत्राचा. माझ्या मनातलं मला कळायच्या आधी चार गावच्या इस्त्रीवाल्यांच्या तारखा चाळून याला कळावं? सत्तावन्नाव्या वर्षी एका प्रोग्रॅमनं आणलेलं स्थळ! मी सानिकाला झाडलं. ती म्हणाली, "मावशी, ती नोंद मी आता काढूनच टाकतेय. ठोक्याच्या अंदाजामागचं कारण दोघांनाही कळलं, त्यामुळे तो मोडला. लंबकाला आपला ताल माहीत नसतो म्हणून तर तो सांगता येतो. तुमच्याबाबत आता तो काहीच सांगू शकत नाही. तुमचं तुम्ही बघा."

खरंच, दुसऱ्या दिवशी कॅलेंडरातून ते शेवटचं बिल गेलेलं होतं. त्याजागी साधी नोंद आली. गजानन आवटी, पुढचं बिल, चार ऑगस्ट. इतर एक्याऐंशी मेंबरांसारखीच.

सर पुन्हा दोन्ही वेळ जेवायला यायला लागले. मीठ, तेल, सगळं पूर्ववत झालं. "आमटी फर्मास" तेवढं राहूनच गेलं, कारण ते मान वर करत नव्हते आणि मीही त्या टेबलाकडे वाढायला हौसाबाईला पाठवत होते. भीती गेली होती, माणूस धडधाकट होता, मग मी सुखी असायला हवं होतं. पण सकाळी उठून कॅलेंडर उघडलं की ती साधी नोंद बघून माझा जीव खट्टू व्हायचा. महिनाभर ज्या तारखेला मी शिव्या घातल्या, ती नाहीशी झाल्यावर मला चुकल्यासारखं वाटत होतं. सप्टेंबरचं बिल, ऑक्टोबरचं बिल, असंच चालत राहणार. मला ते नको होतं. हे कळायला मला तीन आठवडे लागले, आणि कळलं तेव्हा कुठलंही यंत्र मदतीला नव्हतं.

चार ऑगस्टला संध्याकाळी पंगत भरलेली होती. सर जेवून उठले, हात धुतले आणि नेहमीप्रमाणे काउंटरशी आले. पाकीट पुढे केलं.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"तुमचं बिल बंद केलंय मी."

सरांचा चेहरा पडला. "बाई, सानिका म्हणाली ते मनावर घेऊ नका. तो आकड्यांचा खेळ. मी त्यावरून तुमच्यापाशी काही... आणि फुकट जेवायची मला सवय नाही."

"फुकट कोण म्हणतंय? पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणायची. संध्याकाळी ताक करायचं. माझं डोकं फिरलं की ऐकून घ्यायचं. हौसाबाईचंही." आवाज कापायला लागला तसा मी तो आणखी चढवला. "सर, तुम्ही नसता त्या दिवशी मला चूल पेटवावीशी वाटत नाही. अठरा वर्षं झाली. मला ते यंत्रानं सांगितलं हे खरं, पण आता मीच सांगतेय. तुम्हाला नको असेल तर पाकीट ठेवा इथं, पावती देते."

सगळ्या टेबलांवरची चाळीस तोंडं चावायची थांबली होती.

सरांनी पाकीट खिशात घातलं. दोनदा घालायला लागलं, पहिल्यांदा खिसा सापडला नाही. म्हणाले, "दिवाळीत भावाकडे जातो ना, तिथं तिसऱ्या दिवसापासून जेवण जात नाही. वहिनीला वाटतं तिच्या हाताला चव नाही. चांगली चव आहे तिच्या हाताला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला हवंय. कधीचं हवंय. मेंबरनं असलं काही बोलू नये म्हणून बोललो नाही."

मी फोन काढला. ठोक्यात त्यांचं नाव काढलं आणि 'बिल कायमचं बंद' दाबलं. पडद्यावर बारीक अक्षरांत काहीतरी आलं. माझा चष्मा आत राहिला होता, म्हणून सरांनी फोन लांब धरून वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "ग्राहक बंद करण्याचं कारण निवडा. गाव सोडले. तक्रार. थकबाकी. निधन. इतर."

"निधन न्हाई!" आतून हौसाबाई ओरडली. "निधन दाबू नगासा!"

हौसाबाईनंच पदरानं पुसून माझा चष्मा आणून दिला. मी 'इतर' दाबलं. खाली एक रिकामा रकाना उघडला. त्यात मी लिहिलं: घरी जेवतात.